हॉलमध्ये पोचलेला होकार

जुनी मैत्रीण ईनिड हिच्या पत्राला ऑल्विन ट्रेलोरने उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधं होतं. आपण दोघंही एकेकटे जेवतो, तर पुस्तकं घेऊन इकडेच राहायला ये. हो की नाही, तेवढं कळव. ऑल्विनला हो म्हणायचं होतं, पण लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्याला आगाऊ वाटे. उन्हाळा सरला. अखेर एका शनिवारी त्याने ठरवलं, आज फोनवर सांगायचंच.

फोन नवा, इंटरनेटवरचा. इतिहास मंडळाच्या सभेला मामाला घरूनच बसता यावं, म्हणून भाचा केल्विनने तो मूंटा गावच्या हॉलमधल्या जुन्या व्हिडिओ-पडद्याशी जोडला होता. दोन यंत्रांची बोली वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाषी डबी. आधी निरोप जातो, घंटा वाजते; आवाज मागाहून, वेगळ्या वाटेने निघतो.

घंटा ईनिडकडे वाजली. आवाज मात्र डबीने सवयीने हॉलकडे धाडला.

"हो, ईनिड. मी येतो."

"ऑल्विन? नंबर तर तुझाच दिसतोय. बोल की."

त्याने पुन्हा सांगितलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच ओरडून सांगितलं. हॉलमध्ये पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, स्पर्धेला जमलेल्या बायका हातातले घास तसेच धरून पडद्याकडे बघत राहिल्या. ईनिडने कंटाळून फोन ठेवला.

केल्विनने मेसेज करून सांगितलं, डबी बंद करून परत चालू कर. ऑल्विनने केली आणि पुन्हा फोन लावला. आता ईनिडला ऐकू येऊ लागलं, पण हॉलमधलं: बशांचा खणखणाट आणि बायकांचं खिदळणं.

"तू एकटा जेवतोस म्हणून मी विचारलं होतं," ती म्हणाली. "मजेत राहा." त्यानंतर तिने फोन उचललाच नाही.

केल्विन धावत आला, तपासून म्हणाला, "मामा, जोडणी एकदम नीट आहे. फक्त आवाज चुकतोय."

"मग नीट काय आहे रे?"

ऑल्विनने पोस्टकार्ड घेऊन लिहिलं: 'हो. त्या बायका हॉलमधल्या. येतोय.' खाडाखोड न करता तो तडक निघाला.

टपालपेटी नेमकी हॉलसमोर. पायऱ्यांवर सगळ्या बायका उभ्या होत्या. परीक्षक रोवीना ट्रेझाइज म्हणाली, "आवाज अगदी स्वच्छ आला हं, ऑल्विन. तिला कळलं का?"

"अजून नाही."

कान लालबुंद झाले, तरी तो थांबला नाही. त्याने कार्ड पेटीत टाकलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकूनच झाकण सोडलं.