डाव्या बाजूचा टडुक

गाडीतून आवाज येतोय, हे चंद्रप्रकाश घाडीगावकरांना पहिल्यांदा त्यांच्या बायकोनेच सांगितलं. दोघं जोगेश्वरीहून मुलुंडला, लेकीकडे निघाले होते. पवईच्या अलीकडे एक रिक्षा डावीकडून आडवी घुसली. चंद्रप्रकाशांनी ब्रेक दाबला, काच खाली करून रिक्षावाल्याच्या खानदानाची विचारपूस केली आणि गाडी पुन्हा पुढे काढली. तेवढ्यात शेवंतीताई म्हणाल्या, "अहो, काहीतरी वाजलं."

"हॉर्न वाजला. मीच वाजवला."

"हॉर्न नाही हो. टडुक असं वाजलं."

"रिक्षाचं वाजलं असेल."

मुलुंड येईपर्यंत ते आणखी चार वेळा वाजलं. तीच रिक्षा इतका वेळ सोबत येणं शक्य नव्हतं. चंद्रप्रकाशांचा चेहरा उतरला.

गाडी अठरा वर्षांची होती. वडिलांची सगळी हयात गिरणीत गेलेली, घराण्यातली ही पहिली गाडी. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत खेटे घालून चंद्रप्रकाशांनी तिला आणखी पाच वर्षांचं आयुष्य मिळवून दिलं होतं. "अठरा वर्षं चालवतोय, एक ओरखडा नाही," हे वाक्य ते नव्या माणसाला आपल्या नावानंतर लगेच सांगत. जे काही ओरखडे होते ते लोकांनी उभ्या गाडीवर काढलेले होते.

घरी सिद्धेशने, म्हणजे मुलाने, सगळं ऐकून घेतलं. "बाबा, मे महिन्यात याच गाडीने आईला गावी नेणार ना? घाटात वाट लागेल. पंधरा दिवसांत आवाज सापडला तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात."

"भंगारात काय? ती काय कपाट आहे?"

"पंधरा दिवस, बाबा."

दुसऱ्याच दिवशी चंद्रप्रकाश धाकूच्या गॅरेजवर हजर झाले. धाकू त्यांच्या शेजारच्या गावचा, जोगेश्वरीच्या गुंफेकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं गॅरेज.

"आवाज कुठून येतो, काका?"

"डावीकडून. पुढून. खालून."

"ब्रेक मारल्यावर?"

चंद्रप्रकाशांनी आठवून पाहिलं. माणूस प्रामाणिक होता. "नाही. ब्रेक मारायच्या जरा आधी."

धाकूने हातातला पाना खाली ठेवला. "आधी म्हणजे?"

"आधी टडुक होतं, मग मी ब्रेक मारतो."

"म्हणजे गाडीला आधीच कळतं?"

"तू बघ तर खरं!"

धाकूने बघितलं. डाव्या चाकाचे बुश बदलले, सायलेन्सरचा क्लॅम्प आवळला, ब्रेक साफ केले आणि एकट्याने हायवेला चक्कर मारून आला. आवाज नाही. पुढचे दहा दिवस चंद्रप्रकाशांनीही एकट्याने गाडी हाकली. बाजारात गेले, बँकेत गेले, एकदा तर काही काम नसताना वर्सोव्याला जाऊन आले. काचा वर, रेडिओ बंद, एसी बंद. घामाने निथळले, पण गाडीने हूं की चूं केलं नाही. उतरताना त्यांनी हळूच बॉनेटवर थोपटलं.

शुक्रवारी त्यांनी मोठ्या थाटात शेवंतीताईंना गोरेगावला न्यायला काढलं. सोसायटीच्या गेटातून बाहेर पडले, समोरून शाळेची बस आली. टडुक!

"आलं बघा," शेवंतीताई म्हणाल्या.

चंद्रप्रकाशांनी औषध कंपनीच्या गोदामात तीस वर्षं काढली होती. काय कशामुळे बिघडलं ते शोधून काढायची त्यांना सवय होती. शेवंती गाडीत नसते तेव्हा आवाज नाही. शेवंती असते तेव्हा आवाज आहे. निष्कर्ष समोर उभा राहिला आणि त्यांना एसी चालू असूनही घाम फुटला. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं नक्की कळलं होतं, की काही वाक्यं एकदा तोंडातून निघाली की ती घरातच राहायला येतात.

तरी शनिवारी सकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेवंती, तुझं वजन किती गं आता?"

शेवंतीताई मासळी साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "का? विकायला काढलंय मला?"

"नाही, असंच. डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवावं."

"चौसष्ट. तुमच्यावर ठेवा लक्ष."

मग त्या अंघोळीला गेल्या. चंद्रप्रकाशांनी गावाहून आलेले तीस-तीस किलोंचे तांदळाचे दोन कट्टे लिफ्टने खाली नेले आणि डाव्या सीटवर एकावर एक बसवले. वरच्या चार किलोंसाठी पाट्यावरचा वरवंटा ठेवला. त्याच्यावरून पट्टा ओढून लावला आणि माजासच्या बस डेपोपर्यंत जाऊन आले. जाताना एकही गतिरोधक सोडला नाही, खड्डे तर शोधून शोधून घेतले. तांदूळ गप्प होते.

परत आले तेव्हा शेवंतीताई गेटाशी उभ्या होत्या. केस ओले, हातात रिकामं मापटं. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं.

"माझ्या जागेवर कोण बसलंय?"

"तांदूळ."

"पट्टा लावून?"

"सांडू नयेत म्हणून."

शेवंतीताईंची नजर वरवंट्यावर गेली. मग त्या मनातल्या मनात बेरीज करत असल्याचं त्यांच्या ओठांवर दिसलं. तीस, तीस आणि चार. सकाळचा डॉक्टरही त्यांना आठवला असावा, कारण एकदम त्यांची मालवणी उसळून वर आली. "तुमी माका खुळी समजतास काय? माझ्या वजनान गाडी वाजता?"

"अगं, पण नाही वाजली! एकदाही नाही!" चंद्रप्रकाशांना वाटलं, हे ऐकून ती खूश होईल.

"म्हणजे वजनाचाही दोष नाही," शेवंतीताई सावकाश म्हणाल्या. "नुसता माझाच."

त्या दुपारी घरात माशांची आमटी चपातीबरोबर खावी लागली. भात का नाही, असं सिद्धेशने विचारलं तेव्हा त्याला उत्तर मिळालं, "तांदूळ फिरायला गेले होते."

रविवारी मुदत संपत होती. शेवंतीताईंनी स्वतःच धाकूला फोन करून बोलावलं. "ये आणि बघ बाबा, माझ्यात काय बिघाड आहे तो." त्या नवी साडी नेसून डाव्या सीटवर बसल्या. मागे सिद्धेश आणि धाकू. चंद्रप्रकाशांनी देवाचं नाव घेऊन गाडी लिंक रोडला काढली.

पहिल्या सिग्नलला टडुक झालं. पुढे बस थांबली, टडुक. धाकू दोन सीटांच्या मधून पुढे वाकला होता, कान टवकारून. तिसऱ्या वेळी मात्र तो कान द्यायचं सोडून खाली बघत होता.

"काका, गाडी बाजूला घ्या."

"सापडला?"

"सापडला. काकी, जरा पाय वर घ्या."

धाकूने उतरून डावीकडचं रबरी मॅट उचलून मागे टाकलं. खाली तळ गंजलेला होता आणि त्याच्यावर कोणे एके काळी कुणीतरी पत्र्याचं ठिगळ मारलं होतं. मधोमध ते सुटून फुगलं होतं. धाकूने अंगठा दाबला. टडुक.

"काकी, तुम्ही ब्रेक मारता."

"मी? मला गाडी कुठे येते?"

"म्हणून तर. रिक्षा दिसली की तुमचा उजवा पाय खाली. बस दिसली की खाली. काकांच्या आधी मारता तुम्ही."

सिद्धेश हसून हसून सीटवर आडवा झाला. "ठरलं! भंगार कॅन्सल!"

चंद्रप्रकाश मात्र हसले नाहीत. "कधीपासून?"

"पाय आपोआप जातो हो."

"कधीपासून, शेवंती?"

"पहिल्या दिवसापासून," त्या खाली बघत म्हणाल्या.

"अठरा वर्षं! आणि गाडीला एक ओरखडा नाही!"

"दोघांनी मिळून सांभाळली, म्हणून नाही."

चंद्रप्रकाशांनी पट्टा सोडला. ते गाडीतून उतरले. "सिद्धेश, तू चालव. माझं मन नाही." शेवंतीताई निमूट मागे गेल्या. चंद्रप्रकाश डावीकडे बसले, अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

"काका, पत्रा पार कुजलाय," धाकूने मागून सांगितलं. "गॅरेजला पोचलो की नवा टाकतो, दोन तासांचं काम. तोवर त्याच्यावर पाय नका देऊ."

"मला काय करायचाय पाय?" चंद्रप्रकाश मागच्या सीटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी गाडीत बसलो की चालवणाऱ्यावर विश्वास ठेवतो."

सिद्धेशने गाडी काढली. तो चांगलाच चालवत होता, फक्त बोलत बोलत चालवत होता. पुढे एक टेम्पो रेंगाळत होता. सिद्धेश मागे वळून आईला म्हणाला, "आई, खरं सांग, तू गिअरपण टाकतेस का गं?" तेवढ्यात टेम्पोचे मागचे लाल दिवे लागले.

"सिद्धेश!"

सिद्धेशने वेळेवर ब्रेक मारला. गाडी हळूच थांबली. पण या वेळी टडुक झालं नाही. कर्रर्र असं काहीतरी झालं आणि चंद्रप्रकाश उजव्या बाजूला थोडे बुटके झाले.

"बाबा?"

"माझा पाय," चंद्रप्रकाश शांतपणे म्हणाले, "रस्त्यावर आहे."

धाकूने पुढे धावत येऊन पत्र्याच्या कडा वाकवल्या आणि पाय अलगद वर काढला. पाय शाबूत होता, साधं खरचटलंही नव्हतं. चप्पल मात्र नव्हती. सिद्धेशने गाडी कडेला घेतली तशी ती सगळ्यांना मागच्या काचेतून दिसली. भर लिंक रोडवर तपकिरी चप्पल एकटीच पडली होती, आणि एक बस तिला दोन्ही चाकांच्या मधून घालवून अदबीने पुढे गेली.

सिद्धेश हसू दाबायला खिडकीबाहेर बघत होता. शेवंतीताई दार उघडून उतरल्या. सिग्नल लाल व्हायची वाट पाहिली, पदर खोचला, रस्त्यात जाऊन चप्पल घेऊन आल्या. ती आपटून धूळ झटकली आणि नवऱ्याच्या पायाशी ठेवली. मग त्यांनी वाकून भोकातून खाली पाहिलं. डांबर स्वच्छ दिसत होतं.

"चला, मागे बसा माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "धाकू बसेल पुढे."

चंद्रप्रकाश मुकाट्याने उठून मागे गेले. शेवंतीताई त्यांच्या शेजारी बसल्या, दार लावलं आणि गाडी पुन्हा चालू झाल्यावर फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "मीसुद्धा घाबरते हो. पण बेताने."