कार्ब्युरेटरचा दुसरा भाग

फॉस्टिन मेस्त्रीच्या लेकीने बापाची विद्या जगाला फुकट वाटून टाकली आणि ही बातमी बापाला रस्त्यावरून कळली.

मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांची मशीनं दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. पावसाळाभर होड्या वाळूवर आणि मशीनं घरात पडून. नारळी पौर्णिमा जवळ आली की प्रत्येकाच्या कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा धरलेला असायचा आणि मंडळी फॉस्टिनच्या दारात येऊन बसायची. पण यंदा स्टँडजवळ चकचकीत पाटीचं नवीन दुकान उघडलं होतं. म्हणून कुडाळच्या ऑफिसचं काम घरूनच कॉम्प्युटरवर करणाऱ्या डेल्सीने बापाच्या नावाने ब्लॉग सुरू केला. "लोकांक फुकट शिकवला की लोक आपल्याकडेच येतत, पपा," असं ती म्हणालीही होती. फॉस्टिनने मान डोलावली होती, कारण त्याचं लक्ष जेवणात होतं.

त्याचा लहानपणापासूनचा मित्र गुरुदास त्या दिवशी दुकानात न शिरता रस्त्यावरच थांबला.

"यंदा माझा काम नाय रे तुझ्याकडे. डेल्सीन लिवलेला वाचून मी घराकच कार्ब्युरेटर खोललंय. साफ पण केलंय. बरा लिवल्यान हां."

फॉस्टिनने दुकान बंद केलं आणि तडक घर गाठलं.

"गो, बापाच्या पोटावर पाय दिलंस तू."

"पपा, हो फक्त पयलो भाग. खोलून साफ कसो करूचो तो. परत जोडूचो कसो ता दुसऱ्या भागात..."

"दुसरो भाग नाय. एक अक्षर लिवचा नाय."

सुका बांगडा भाजता भाजता त्याची बायको डोरथी म्हणाली, "अवो, अर्ध्यावर कित्याक सोडतास? सांगाचा तर पुरा सांगाचा."

"माका शिकवू नको."

डेल्सीने लॅपटॉप मिटला. एरवी ती बापाचं काही ऐकत नसे. नेमकं याच वेळी तिने ऐकलं.

पुढचे काही दिवस दुकानात कोणी फिरकलं नाही. फॉस्टिन पुसलेले पाने-स्क्रूड्रायव्हर पुन्हा पुसत बसायचा. रात्री डेल्सी मुकाट्याने वाढायची, तो मुकाट्याने जेवायचा. खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांपेक्षा तिची बडबडच त्याला जास्त आठवत होती, पण कबूल कोण करणार?

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी होडीवाला रिझवान दारात उभा राहिला. हातात बायकोची भाकरीची परात, परातीत कार्ब्युरेटरचे सुटे भाग.

"मेस्त्री, दुसरो भाग खंय?"

"कसलो भाग?"

"पुढच्या भागात जोडूया म्हणान लिवलास. मी रोज मोबाइल बघतंय."

त्याच्या मागे शिवा कुकर घेऊन आला. "माझी एक स्प्रिंग मेळना नाय. कोंबयेन गिळल्यान असतली."

मग कोणी डबा, कोणी टोपली घेऊन येतच राहिले. शेवटी गुरुदासही आला, फडक्याचं गाठोडं छातीशी धरून. कोणी भांडलं नाही, म्हणून फॉस्टिनला आणखीच वाईट वाटलं. उद्या समुद्राला नारळ पडणार आणि यांतली एकही होडी हलणार नाही. अख्खं बंदर म्हणणार, फॉस्टिन मेस्त्रीने घात केला. ब्लॉगवर नाव तर त्याचंच होतं. एवढे कार्ब्युरेटर एकट्याने आजच्या आज जोडणं शक्यच नव्हतं.

त्याने घरी फोन लावला. "डेल्सी, ये गो. दुसरो भाग करूचो आसा."

ती धावतच आली. मागून डोरथी चहाची किटली घेऊन आली. दुकानासमोर ताडपत्री अंथरली गेली आणि पंगतीला बसावं तशी मंडळी आपापली भांडी पुढ्यात घेऊन बसली. फॉस्टिन रिझवानची परात घेऊन मधोमध बसला, एकेक भाग मोठ्याने सांगत जोडू लागला. डेल्सी मोबाइलवर फोटो काढत टिपून घेत होती.

"शिवा, उलटो धरलंस तो. आणि ही घे स्प्रिंग, कोंबयेक मारू नको."

"पपा, तुमचा बोट आड इला. परत सांगा."

त्याने परत सांगितलं. मग कोणी न विचारता तिसऱ्यांदाही सांगितलं. आपल्याला हे आवडतंय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने उगाच कपाळाला आठी घातली.

तेवढ्यात त्याची नजर गुरुदासकडे गेली. फॉस्टिनने सुई बसवायला सांगावी, तर गुरुदासची बसलेली. झाकण म्हणावं, तर झाकण लागलेलं. फॉस्टिन सरकत त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"गुरुदासा, तू ह्यो आधीच जोडलेलंस मरे."

गुरुदास फडक्याकडे बघत राहिला. "होय. त्याच दिवशी. मशीन चालू पण झाला."

"मगे परत कित्याक खोललंस?"

"मगे काय सांगान येऊ तुझ्याकडे? दरवर्षी तू काम करतंस, मी बाजूक बसान चाय पितंय. यंदा रस्त्यावरसून बघी होतंय, तू एकटोच पाने पुसत बसलेलो. डेल्सीन सगळा लिवल्यान, पण काम नसताना कसा येवचा ता काय लिवल्यान नाय."

फॉस्टिनने आपला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी गुरुदासपुढे सरकवली.

"पपा," डेल्सीने विचारलं, "शेवटाक काय लिवू? दुकानाचो पत्तो?"

"पत्तो सगळ्यांका म्हायत आसा. लिव, जोडूक जमाक नाय तर येवचा." त्याने शेजारी पाहिलं. गुरुदास बशी फुंकत होता.

"आणि जमला तरी येवचा."