भिकननाना आणि आठ ओहम

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारे भिकननाना नसते, तर मी आज चिपळूणजवळच्या आमच्या गावी तोंड लपवून बसलो असतो. काय झालं ते सांगतोच. पण उपकार कुणाचे ते आधी सांगून टाकलेलं बरं. मी आठवीतून शाळा सुटलेला माणूस. लिहिण्याच्या भरात महत्त्वाचंच राहून जायचं.

तर नाना. बिघडलेला ॲम्प्लिफायर कुणी एकटा घेऊन आला तर नाना त्याला हात लावत नाहीत. साक्रीचा एक जण एसटीच्या टपावर ॲम्प्लिफायर चढवून आला होता. नानांनी विचारलं, स्पीकर कुठाय? तो म्हणाला, स्पीकर चांगला आहे, घरी ठेवलाय. नाना म्हणाले, "एकच बैल आनस, आन् जोडी कशी चालस ते माले इचारी राहिना?" तो बिचारा आल्या पावली साक्रीला गेला आणि दुसऱ्या दिवशी भलामोठा कर्णा मांडीवर घेऊन हजर झाला.

ॲम्प्लिफायर आठ ओहमचा तर स्पीकरही आठचाच, आणि ॲम्प्लिफायरची ताकद झेपेल इतक्या वॅटचा. ओहम म्हणजे विजेला होणारा अडसर. नानांचा सगळा संसार या हिशेबावर चालतो. माणसंसुद्धा ते अशीच मोजतात. समोरचे कापडवाले शेठ सोळा ओहमचे, कितीही बोला, आत काही शिरत नाही. घरमालक दोन ओहमचा, जवळ बसला की माणसाची शक्ती ओढून घेतो. पुतणीसाठी जामनेरचं स्थळ बघायला त्यांना मुद्दाम नेलं होतं. परत आल्यावर म्हणाले, मुलगा बोलतो पन्नास वॅटचं, छाती दहाची, फाटेल. घरच्यांनी ऐकलं नाही, लग्न लावून दिलं. जोडपं मजेत आहे. नाना म्हणतात, पोरीने आवाज कमी ठेवलाय, म्हणून.

मी ज्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो त्याचा ॲम्प्लिफायर नानांच्या ताब्यात असे. कार्यक्रम चालू असताना ते पडद्यामागे बसत आणि तापकरी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवत. गाणं त्यांच्या कानावर पडत असेल, पण ते ऐकत नसत. एकदा मी मोठ्या आशेने विचारलं, आज कुठलं गाणं चांगलं झालं? म्हणाले, तिसरं. त्या वेळी ट्रान्सफॉर्मर गार होता.

आमचे मास्तर म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक. ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः मुंबईहून आणलेला. त्याला नानांशिवाय कुणी हात लावला तर त्याच दिवशी गाडीत बसवून घरी पाठवीन, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. मला या वाक्याची फार धास्ती. घर सोडताना वडील म्हणाले होते, जाशील तिथून तुला परत पाठवतील. शाळेने पाठवलंच होतं.

जळगावला एका शेठजींच्या मुलाचं लग्न होतं. संध्याकाळी कार्यक्रम. दुपारी वाजवून पाहिलं तर ढोलापुढे माझी गिटार कुणाला ऐकूच येईना. मग सगळे पंगतीला गेले, नानाही. मांडववाल्याचे स्पीकरचे दोन बॉक्स कोपऱ्यात रिकामे पडले होते. मला वाटलं, बॉक्स वाढले की ताकद वाढेल. मी दोन्हींच्या तारा आमच्या बॉक्सच्या तारांनाच पिळून दिल्या. बॉक्स असे वाढवले की ओहम उतरतात आणि ॲम्प्लिफायरवर भलती ओढ पडते, हे मला आता पाठ आहे. तेव्हा गिटार अशी काही गरजली की आचारीसुद्धा झारा हातात घेऊन बघायला आले. मी खूश होऊन वाजवतच राहिलो. मग जळक्या लाखेचा वास आला, धूर निघाला आणि सगळं गप्प झालं.

नाना ओल्या हाताने धावत आले. धूर पाहिला, बॉक्स पाहिले, माझ्याकडे पाहिलं. खाली बसून मांडववाल्याच्या तारा सोडवत होते, तेवढ्यात मास्तर आले आणि त्यांनी विचारलं, हे कुणी केलं?

मी गिटारची पिन काढायला खाली वाकलो.

"मास्तर, चूक मनी शे," नाना स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले. "जोडाना पहिले मोजं नही."

दुसरं कुणी असतं तर मास्तर ओरडले असते. नानांना काय बोलणार? मांडववाला मात्र हसला आणि म्हणाला, नाना, तुम्हीसुद्धा? नानाही त्याच्याबरोबर हसले.

कार्यक्रम मांडववाल्याच्या भोंग्यांवर कसाबसा पार पडला. परतीच्या गाडीत मी नानांच्या शेजारी बसलो आणि हळूच विचारलं, असं का केलंत?

"माले मास्तर कुठे धाडतीन?" ते म्हणाले. "मनं घर पाचव्या गल्लीत. तुनं लांब शे, कोकण."

कोकण हे त्यांनी मला ठेवलेलं नाव. एवढं बोलून ते झोपले, की तसं दाखवलं, कोण जाणे.

ट्रान्सफॉर्मरवर त्यांनी आठ दिवस बसून हाताने नवी तार गुंडाळली. पण जळगावची गोष्ट त्यांच्याआधी धुळ्यात पोहोचली होती. आता गल्लीतली पोरंही जाता येता विचारतात, नाना, आज मोजलं का? जळगावची दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली. नाना मान खाली घालून तारांना कथलाचा डाख देत राहतात. मी दुकानात असलो तर मला पाणी आणायला पाठवतात, म्हणजे मला ते ऐकायला नको.

मी अजून मास्तरांना खरं सांगितलेलं नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. हा कागद आधी नानांना वाचून दाखवीन. ते फाडून टाक म्हणतील. मी फाडणार नाही. एक दिवस मास्तरांना पाचव्या गल्लीत घेऊन येईन, त्या पोरांना आणि कापडवाल्या शेठना बोलावीन आणि नानांच्या दुकानासमोर उभा राहून सांगेन की त्या तारा मी जोडल्या होत्या. मग मास्तरांनी गाडीत बसवलं तरी चालेल.