दत्तूतात्या आणि गल्लीचं गाळप

भर गल्लीत, चार माणसांसमोर कुणी तुम्हाला विचारलं, "गाळप झालं का रं?" तर तुम्ही काय सांगाल?

आम्ही मान खाली घालून "व्हय" म्हणायचो. कसबा बावड्यात आमच्या चार घरांत मिळून एकच संडास होता आणि त्याच्या समोरच्या कट्ट्यावर दत्तूतात्या सकाळी सहापासून पेपर घेऊन बसलेले असत. साखर कारखान्यात हयात गेलेला माणूस. त्यांच्या लेखी माणसाचं पोट म्हणजे कारखाना आणि पोट साफ होणं म्हणजे गाळप. "उसाच्या चोथ्यावर बॉयलर पेटतोय. तुमी चोथा खाईनासा, नुसता मैदा कोंबताय. मग गाळप बंद पडंल न्हाईतर काय!" असं म्हणत ते खारी खाणाऱ्याच्या हातात सरळ मुळा ठेवायचे.

एकदा शेजारच्या पोरीला बघायला पाहुणे आले. चहा यायच्या आतच तात्यांनी नवऱ्यामुलाला गाठलं. "पावणं, रोज साफ हुतंय न्हवं?"

मुलाचा बाप भडकला. "आमी सोयरिकीला आलोय, दवाखान्यात न्हाई!"

"पगार काय, समदीच इचारत्यात," तात्या शांतपणे म्हणाले. "हे कोन इचारनार?"

सोयरीक मोडली. तात्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. पोराचा चेहराच सांगत होता म्हणे, चार दिवस कारखाना बंद आहे.

बायकांना मात्र ते कधी विचारत नसत. बाई बादली घेऊन आली की पेपर तोंडासमोर धरत.

नव्वदीच्या अखेरचे दिवस. मी शाहूपुरीत स्त्री-पुरुष समतेची पत्रकं वाटायचो. लिहायचोही मीच. एका सकाळी तात्या आमच्या दारात आले. आवाज इतका खाली, की मला आधी तेच आजारी वाटले.

"वैनी, आठ दिस बघतोय. समद्यांच्या मागनं जाताय आनि लगेच परत येताय. रक्त पडतंय का?"

आईने पदर पुढे ओढला. "काय बोलताय भावजी! मूळव्याध असंल. चूर्ण घेतोय की रोज."

म्हणजे पडत होतं. एका घरात राहून मला माहीत नव्हतं.

"आमची बायकू पारू बी असंच म्हनायची," तात्या म्हणाले. "ड्यूटी म्हनून मी पयला जायचो. ती डबा करायची. कळ आली तरी दाबायची, मग वेळ टळून जायची. वरीसभर रक्त गेलं, मला पत्ता न्हाई. डाक्टरनं सांगितलं तवा लई उशीर झालता. आतड्याचं दुखनं निघालं." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "तिला मी कधी इचारलंच न्हाई. लाज वाटायची."

त्याच दिवशी आईला दवाखान्यात नेलं. आत तपासणी चालली होती. मी बाकावर बसलो होतो. तात्या दाराबाहेर काढलेल्या आईच्या चपला पुन्हा पुन्हा जुळवून ठेवत होते.

अखेर डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. शौच खड्यासारखी घट्ट होऊन आत जखम झाली होती, भरून येणारी. तात्यांनी डॉक्टरबाईंना हात जोडले.

"रक्त दिसलं की तपासून घ्यायचं, मूळव्याध म्हणून घरीच ठरवायचं नाही," बाई म्हणाल्या. "भाकरी, पालेभाजी खा, पाणी वाढवा. रोजचं चूर्ण बंद. आणि कळ आली की लगेच उठायचं."

"आनि तव्यावरची भाकरी?" आईने विचारलं.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. आणि समतेची पत्रकं लिहिणारा मी तर रोज आईच्या आधी रांगेत उभा असायचो, हातात बादली घेऊन.

म्हणून एवढंच मागतो. उद्या सकाळी तुमच्या घरातल्या बाईला आधी जाऊ द्या. तोवर भाकरी तुम्ही भाजा. करपली तर करपू द्या, पण ती येईपर्यंत तिला हाक मारू नका.