येळवशीच्या दिवशी तीन भाडेकरू

नियोजन शिकावं तर माझ्याकडून! शाळा सातवीपर्यंतच झाली, पण सुकन्याच्या लग्नात अडीचशे लाडवांवर चारशे माणसांची पंगत उठवलेली बाई आहे मी. वाढणाऱ्यांना सांगितलं, लाडू फोडून वाढा, शकुनाचं असतं. लोक अजून विचारतात, ही पद्धत कुठली हो?

त्यामुळे लातूरजवळच्या मुरुडचं घर विकायची वेळ आली तेव्हा मी यांना म्हटलं, "तुम्ही नुसते खुर्चीत बसा. सगळं मी बघते."

आमचे हे, म्हणजे शेषेराव, पोस्टातून रिटायर झालेले. नुसतं खुर्चीत बसण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही. फक्त एक खोड आहे. माणसाला खोटं बोलता येत नाही. पस्तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली. जे आहे ते जसंच्या तसं पोचवायचं, हीच सवय.

घर विकायचं कारण म्हणजे सुकन्या. लेक नांदेडला दवाखान्यात नर्स. बाळ सहा महिन्यांचं, आणि पंधरा जानेवारीला तिची रजा संपणार. "आई, तू आलीस तर नोकरी राहील," एवढंच म्हणाली. तिच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या विकाऊ होत्या. आमचं घर विकलं तरच त्या घेता येणार.

गिऱ्हाईक दूरचं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत अकरा वर्षं भाड्यानं राहणारे जलीलभाई टेलर आणि त्यांची हुसेनबी. बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं, फक्त एक अट. बँकेचा इंजिनिअर येऊन घर बघणार, मोजणार, आणि ठीक आहे असं लिहून देणार. त्यानं दिलेली तारीख चुकली की पुढची थेट महिन्यानं! तोवर सुकन्याची नोकरी जाणार, आणि जलीलभाईंच्या मालकानंही त्यांना खोली सोडायला सांगितलेली.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण आमच्या घरात आणखी तिघं होते. शिपाई नावाचा कुत्रा, ठकी नावाची मांजर आणि गुलकंद नावाची शेळी.

गल्लीतल्या हरिओमनं माझ्या कानात भुंगा सोडला. "काकू, साहेबाला घरात शेळी दिसली की तो घर लिहीत न्हाई, गोठा लिहितो! अन् गोठ्याला कर्ज न्हाई!"

हरिओमचा स्वतःचा अनुभव म्हणाल तर पंक्चरच्या दुकानाचा. पण त्या दिवशी मला तो रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर वाटला.

आता माझं नियोजन बघा. साहेबाची तारीख नेमकी येळवशीची! वेळा अमावास्येला आमच्याकडे अख्खं गाव शेतात जातं. दुकानं बंद, गल्ल्या ओस, कुलपंसुद्धा जांभया देतात. म्हटलं, वा! गर्दी नाही, चौकश्या नाहीत. शेजारची महादेवी आणि तिचा नवरा वीरभद्रअण्णा सकाळी टेम्पोनं शेतात निघाले, त्यात आमचे तिघेही चढवले. हुसेनबी दरवर्षी महादेवीसोबत भज्जीच्या, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीच्या, हंड्याशी असते. तीही टेम्पोत होती. तिनं शिपायाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पदर घट्ट ओढून कोपऱ्यात बसली. मला वाटलं, थंडीनं असेल.

मग मी घर असं घासलं की फरशीला लाज वाटावी. शिपायानं कुरतडलेल्या चौकटीवर कॅलेंडर टांगलं. ते जमिनीपासून वीतभर उंचीवर आलं, पण आजकाल कोण काय कुठं टांगेल सांगता येतं का?

यांना बजावलं, "जनावरांचं नाव काढायचं न्हाई!"

"न्हाई काढत," हे म्हणाले. आणि खरंच, शेवटपर्यंत काढलं नाही. तेच तर नडलं!

अकराला साहेब आला. रविकिरण नाव, हिमायतनगरकडचा, लातुरात येऊन दोनच महिने झालेले. गाडीतून उतरला तो घाबराघुबरा.

"काकू, कर्फ्यू लागलाय का? लातूरपासून एक हॉटेल उघडं न्हाई, रस्त्यावर माणूस न्हाई!"

"आज येळवस हाय, साहेब."

"म्हंजे?"

आता याला काय सांगावं! चहा दिला. जलीलभाई गळ्यात टेप घालूनच आले होते. साहेबानं लाल ठिपक्याचं यंत्र काढून भिंती मोजल्या, तसे जलीलभाई मागून टेपनं मोजून बघत होते. "बराबर है साब, आधा इंच ढीला रखे तो भी चलेगा."

सगळं लोण्यासारखं चाललं होतं. साहेब मागच्या पडवीत गेला आणि थांबला.

"घरात तुम्ही दोघंच राहता ना?"

"दोघंच!" मी म्हटलं.

"मग ह्या तीन ताटल्या कुणाच्या?"

घासूनपुसून ओळीनं पालथ्या घातलेल्या! माझ्याच हातानं!

"पाहुण्यांच्या," मी म्हटलं. खोट्याची पहिली पायरी नेहमी सोपी असते.

"अन् हा स्वेटर?" दोरीवर गुलकंदचा थंडीतला स्वेटर वाळत होता. चार बाह्यांचा. साहेबानं तो उलटसुलट करून बघितला आणि विचारात पडला. "पाहुणे किती दिवस झाले?"

मी तोंड उघडायच्या आत खुर्चीतून आवाज आला. "थोरल्याला नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं! मग ते पाहुणे कसले? भाडेकरू म्हणा की! झोपतात कुठं?"

"एक जिन्याखाली," हे शांतपणे म्हणाले. "एक हिच्या उशाशी. अन् एक इथं, पडवीत. पण तिला रात्री बांधावं लागतं."

साहेबाच्या हातातला पेन पडला.

"बांधावं लागतं??"

"झोपेत चालते हो ती!" मी किंचाळले. जलीलभाईंनी डोळे मिटून घेतले.

"भाडं किती देतात?"

"दोघं काहीच देत न्हाईत," हे म्हणाले. "बांधलेली तेवढी रोज अर्धा लिटर दूध देते."

साहेबानं खाली पडलेला पेन उचलला. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "काकू, घरात भाडेकरू असले तर बँक पैसे सोडत न्हाई. उद्या ते निघालेच न्हाईत तर? मला त्या तिघांना बघावं लागंल. अन् घर तुमचंच हाय म्हणून दोन शेजाऱ्यांच्या सह्या पण लागतात. बोलवा शेजारी."

शेजारी! मी गल्लीत पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा कुलपं. गर्दी नाही म्हणून मी ज्यावर खूश झाले होते, तोच हा दिवस!

"जलीलभाई, तुम्ही करा की सही," मी म्हटलं.

"भाभी, मैं तो लेनेवाला हूं. लेनेवाले की सही नहीं चलती."

"शेजारी कुठं हायत?" साहेबानं विचारलं.

"शेतात."

"अन् ते तिघं?"

"तेही शेतातच," हे म्हणाले.

साहेबाच्या गाडीत आम्ही चौघं. तो जलीलभाईंना हळूच विचारत होता, "त्या बाईला खरंच बांधतात का हो?" जलीलभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साब, मैं कपडे का आदमी." मागं बसून मी देवाला एवढंच सांगत होते, माझ्या शहाणपणापायी लेकीची नोकरी घालवू नकोस.

शेत माणसांनी फुललेलं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारलेली, आत पांडवांची पूजा झालेली, बाजूला आंबिलीचं बिंदगं, म्हणजे घागर. मला बघून हुसेनबीनं तोंड फिरवलं. थंडी नव्हती ती, हे आता कळलं.

साहेब कागद काढून म्हणाला, "मला फक्त दोन सह्या..."

"सह्या कुठं पळून चालल्यात?" महादेवीनं त्याच्या हातातला कागद काढून पत्रावळ ठेवली. "आधी खाली बसा. आज शेतात आलेला माणूस उपाशी गेला तर वर्षभर शेत रुसतं आमच्यावर!"

"न्हाई, मी ड्युटीवर..."

"ड्युटीला पोट नसतं का? अण्णा, वाढा हो!"

सकाळपासून उपाशी लेकरू! भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, वर लोटाभर आंबील. दुसऱ्या वाढणीला साहेबानं कॉलरचं बटण सोडलं, तिसरीला पट्टा. कोपीला पाठ टेकून, डोळे अर्धे मिटून तो एकदम सावध झाला.

"हां! ते तीन भाडेकरू कुठं हायत?"

"कुणाचे भाडेकरू?" महादेवी माझ्याकडं बोट करून म्हणाली. "उज्वलाताईच्या घरात? मुंगी पण भाड्यानं न्हाई तिथं!"

"एकीला बांधून ठेवतात म्हणे..."

"अगं बाई, ती व्हय! ती काय तुमच्या मागं, कोप खाऊन राहिली की!"

वीरभद्रअण्णांनी गुलकंदला बांधलं होतं ते नेमकं कोपीलाच. सकाळपासून तिनं कडब्याची मागची भिंत निवांत चघळली होती. साहेब वळायला गेला, तेवढ्यात गुलकंदनं आधाराची शेवटची पेंढी ओढली. अख्खी कोप साहेबावर बसली!

"धरा! साहेबाला धरा!"

धरायला सगळ्यात आधी शिपाई धावला. त्यानं साहेबाचा बूट धरला. पेंढ्यांच्या ढिगातून आधी ठकी बाहेर आली, अंग झटकत, जणू आमच्यामुळं तिची झोपमोड झाली. मग साहेबाचं डोकं आलं, डोक्यावर कडब्याचा तुरा.

"नशीबवान हायत साहेब," अण्णा म्हणाले. "पांडवांनी पोटाशी घेतलं!"

मला हसू यायला हवं होतं. आलं रडू. तिथं सगळ्यांपुढं मी कबूल केलं. "साहेब, हेच ते तिघं. मीच लपवले. शेळी बघून तुम्ही गोठा लिहाल म्हणाले लोक. माझ्या लेकीची नोकरी हाय यावर. तिचं बाळ हाय. काय लिहायचं ते माझ्यावर लिहा, घरावर नका लिहू."

साहेब बोलायच्या आधी हुसेनबी उसळली. हातात पळी तशीच.

"म्हंजे इनको दिए नहीं तुम? मैं सुबे से इस महादेवी से झगडरी! 'ये तीनों मेरे खेत में रैंगे,' बोलरी इने!"

"मी म्हणाले खरं," महादेवी म्हणाली. "उज्वलाताईच म्हणाली होती, नांदेडच्या इमारतीत जनावर चालत न्हाई म्हणून."

"अरे, तो मैं मर गई क्या?" हुसेनबीचा आवाज फाटला. "ग्यारा साल एक कोठडी में निकाली मैं. मालक एक मुर्गी रखने नहीं दिया. रोज शाम को इनके आंगन में जाके बैठती थी, वो शिपाई मेरे पांव पे मुंडी रखता था. जलील पूछे, कौनसा घर लेना? मैं बोली, येच! अब ये नहीं, तो मेरेकू घर नक्को!"

जलीलभाईंचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला. म्हणजे बघा, जे लपवून मी घर विकायला निघाले होते, त्याच्यासाठीच तर ते घेतलं जात होतं!

मी तिचा पळीवाला हात धरला. कित्येक रात्री मी ठकीच्या अंगावर हात ठेवून विचार केला होता की या तिघांचं काय करू. कोणाला विचारायची हिंमत झाली नव्हती. "ठेवशील?" मी म्हटलं. एवढंच जमलं.

"ठेवशील क्या पूछते? चाबी के साथ दे देव."

साहेब डोक्यातला कडबा काढत उठला. "काकू," तो म्हणाला, "आमच्या फॉर्मात जनावरांना रकानाच न्हाई."

"काय?"

"गोठा न्हाई, शेळी न्हाई, काहीच न्हाई. रकाना हाय तो भाडेकरूंचा. अन् तो मी तुमच्यामुळं भरायला निघालो होतो!"

हरिओम त्या वेळी कुठल्या शेतात उंडे खात होता देव जाणे, पण त्याला उचकी नक्की लागली असणार.

महादेवी आणि अण्णांनी तिथंच, बिंदग्यावर कागद टेकवून सह्या केल्या. एका सहीवर आंबिलीचा डाग पडला, तो साहेबानं रुमालानं स्वतः पुसला. परत येऊन घरापुढं फोटो काढला. घेणारे, देणारे, आणि मधोमध शिपाई. "तेवढं कुत्रं बाजूला घ्या," साहेब तीनदा म्हणाला. चौथ्यांदा त्यानंच नाद सोडला. कर्ज मिळालं, चौदा तारखेला आम्ही नांदेडला पोचलो, पंधराला सुकन्या कामावर गेली. बाळ माझ्या मांडीवर झोपलेलं असतं तेव्हा मी एकेकाचं नाव घेऊन हात जोडते. साहेबाचं, महादेवीचं, अण्णांचं, हुसेनबीचं. यांचंसुद्धा. खरं बोलले म्हणून तर शेतापर्यंत गेलो.

परवा चार महिन्यांनी मुरुडला गेले. शिपायासाठी बिस्किटांचा पुडा, डोळ्यांत पाणी. म्हटलं, आता धावत येईल, छातीवर पाय ठेवील, लोक बघतील! फाटकाची कडी उघडली मात्र, तो अंगणातून उठला, अंग फुगवलं आणि असा भुंकत आला की मी पुन्हा रस्त्यावर! बिस्किटं दाखवली. आणखी भुंकला. मुंडी हुसेनबीच्या पायावर टेकून टेकून त्यानं माझ्याआधीच सगळा व्यवहार मान्य केला होता.

शेवटी गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, तेव्हा नऊ वर्षं ज्याला हातानं भाकरी चारली त्याच्यापुढं पुडा ढालीसारखा धरून मी ओरडले,

"ओ हुसेनबी! तुमचं कुत्रं आवरा आधी!"