हिरव्या पुडीचा पहारा

बायकोने, लीच्यूने, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलेली यादी ज्यान साहेबांनी आधी उजेडासमोर धरली, मग उलटी करून पाहिली आणि मगच वाचायला घेतली. एकतीस वर्षं तैवानच्या किलुंग बंदरावर जकात अधिकारी म्हणून लोकांच्या पेट्या उघडण्यात गेली, की माणसाला कोरा कागदसुद्धा बंद पेटीसारखाच दिसतो.

"प्रोसेसर हाच घ्या, मदरबोर्ड हाच घ्या, कॅबिनेट जाळीचंच घ्या." असं वाचत सातव्या भागावर ते थांबले. "हाच का? ह्याला कमिशन मिळत असणार."

"अरे लाओ-ज्यान," लीच्यू त्यांना नेहमीच्या हाकेने म्हणाली, "तो शाळेत भूगोल शिकवतो. त्याला कोण कमिशन देणार?"

"तेच तर. भूगोलाच्या मास्तराला कॉम्प्युटरमधलं एवढं कसं कळतं?"

पुढचं न वाचता त्यांनी यादीची चौघडी केली, ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीवर तारीख टाकली आणि कपाटात ठेवली. पुरावा म्हणून.

यादी पाठवणारा योउरेन म्हणजे त्यांच्या मुलीचा, पेइरुंगचा, होणारा नवरा. नववर्षाला तो पहिल्यांदा घरी आला, तेव्हा अननसाच्या वड्यांचा खोका घेऊन आला होता. ज्यान साहेबांनी त्याच्या देखतच वड्यांचा वरचा थर उचलून खाली काय आहे ते पाहिलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण त्यांनी त्याचं ओळखपत्र मागितलं आणि फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला. पेइरुंग त्याच पावली त्याला घेऊन निघाली. आठ महिने फोन नाही. आणि आता यादीसोबत एकदम तिचा निरोप आला होता: 'आम्ही दर रविवारी चार ते पाच ऑनलाइन खेळतो. खेळात एक तळं आहे, तिथे मासे धरत बसतो. बोलायचं असेल तर बाबांनी तिथे यावं.'

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला तो खेळ झेपेना. तळं उघडलं की तो मान टाकायचा. म्हणून नवा जुळवायचा होता, आणि रविवारला सहाच दिवस उरले होते.

कॉम्प्युटरच्या भागांसाठी क्वांगह्वा बाजारात ज्यान साहेब वही घेऊन गेले. सगळं एका दुकानात घेतलं तर दुकानदार एका भागातली खोट दुसऱ्यात लपवतो, असा त्यांचा हिशेब. म्हणून सात भाग सात दुकानांतून. आणि प्रत्येक वेळी यादीतलं सोडून दुसरं. एका दुकानातल्या बाईने जाळीचं कॅबिनेट पुढे केलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"एवढी भोकं कशाला?"

"हवा खेळायला, दादा."

"हवा येते तिथून धूळही येते. बंद दाखवा."

"बंद घेतलंत तर हवेला फक्त वरची जाळी उरेल."

"एकच दार असलं की पहारा सोपा जातो," ज्यान साहेब म्हणाले, आणि चारी बाजूंनी बंद, तिजोरीसारखं काळं कॅबिनेट घेऊन आले.

शेवटच्या दुकानातल्या गृहस्थाने, उंग त्याचं नाव, सगळं जोडून चालू करून दाखवलं. घरी आल्यावर लीच्यूने रीतीप्रमाणे मक्याच्या कुरकुरीत कांड्यांची हिरवी पुडी आणली आणि यंत्राच्या डोक्यावर आडवी ठेवली. तैपेईत बँक असो की दवाखाना, ही पुडी ठेवल्याशिवाय यंत्राकडून कोणी शहाणपणाची अपेक्षा करत नाही. हिरवीच हवी, नारळाच्या चवीची. न फोडलेली, तारीख न उलटलेली. ज्यान साहेबांनी तारीख दोनदा पाहिली.

यंत्र वीस मिनिटं चाललं आणि फटकन बंद पडलं.

"पॉवर सप्लाय खोटा दिला," म्हणत ज्यान साहेब यंत्र उचलून उंगकडे गेले. तिथे ते दोन तास गुणी बाळासारखं चाललं.

"घरी पुडी ठेवता ना, दादा?" उंगने विचारलं.

"ठेवतो तर."

"हिरवी?"

"मग काय पिवळी ठेवीन?"

"तारीख?"

"पुढच्या मार्चची."

"मग तुमच्याकडून काहीच कमी नाही," उंग डोकं खाजवत म्हणाला. "फार तर आणखी एक ठेवा."

दोन पुड्या झाल्या. यंत्र पंधरा मिनिटं चाललं. बुधवारी रॅम बदलली आणि तिसरी पुडी ठेवली, बारा मिनिटं. गुरुवारी ग्राफिक्स कार्ड बदलून चौथी आणि पाचवी, नऊ. दर वेळी दुकानात ठणठणीत, घरी आलं की धाप लागलेली.

"बघितलंस? त्यांच्यासमोर चालतं, माझ्यासमोर रुसतं. बाजार आतून मिळालेला आहे."

"रुसायला शिकवावं लागत नाही रे," लीच्यू म्हणाली. "आपल्या घरची हवाच तशी आहे."

रविवारी पावणेचारला सातवी पुडी चढली. वरती जागा उरली नव्हती. हिरव्या पुड्या अगदी चिकटून, खांद्याला खांदा लावून पहारेकऱ्यांसारख्या बसल्या होत्या. चारला ज्यान साहेब स्वच्छ शर्ट घालून खुर्चीत बसले. तळं उघडलं. काठावर टोपी घातलेली एक ठेंगणी मुलगी आणि शेजारी एक जाडं अस्वल, दोघंही गळ टाकून बसलेली.

"ती पेइरुंग!" लीच्यू पुढे सरकली. "लिही ना काहीतरी!"

ज्यान साहेबांनी एका बोटाने 'पे' टाइप केलं आणि पडदा काळा झाला.

त्यांनी पुन्हा चालू केलं, पुन्हा काळा. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली. "आठवी आण," ते म्हणाले.

 लीच्यू उठली, सातही पुड्या दोन्ही हातांनी ओंजळीत गोळा केल्या, सोफ्यावर बसली आणि पहिली फाडली.

"अगं काय करतेस! पहाऱ्यावरची पुडी खातात का?"

"आठवडाभर ह्या धावपळीत तू मला धड जेवू दिलं नाहीस. ह्या पुड्यांनी तरी कुठे काम केलं?" ती कुरुमकुरुम चावत म्हणाली. "कर चालू. बंद पडायचं तर पोटभर खाऊन पडू दे."

ज्यान साहेबांनी चालू केलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. लीच्यूची दुसरी पुडी संपली. यंत्र घुंघुं करत राहिलं.

'बाबा, उशीर केलास,' ठेंगण्या मुलीच्या डोक्यावर अक्षरं उमटली.

ज्यान साहेबांनी डोळे पुसले, चष्मा पुसल्याचं ढोंग केलं आणि लिहिलं: 'वाटेत तपासणी होती.'

अस्वल एक पाऊल पुढे आलं. 'नमस्कार, काका. मशीन तापत नाही ना?'

ज्यान साहेबांची भुवई पुन्हा संशयाने वर चढली. 'तुला कोणी सांगितलं?'

'कोणी नाही. यादीत शेवटी लिहिलं होतं ना.'

लीच्यूने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढून दिली. ज्यान साहेबांनी चौघडी उलगडली. अगदी तळाशी लिहिलं होतं: 'हिरवी पुडी जरूर ठेवा. पण काका, डोक्यावर नको, तिथून गरम हवा बाहेर पडते. शेजारी ठेवा. एकच पुरे.'

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. पडद्यावर अस्वल गळ टाकून वाट पाहत होतं.

"लीच्यू," ते शेवटी हळूच म्हणाले, "ह्याने मला धड एकदाच पाहिलंय. तरी मी काय करणार, ह्याचा संशय ह्याला आधीच आला होता."

"मग?"

ज्यान साहेबांनी तिच्या मांडीवरची एक शाबूत पुडी उचलली, तारीख पाहिली आणि यंत्राच्या शेजारी नीट उभी केली.

"पोरगा किलुंगला जकात अधिकारी म्हणून शोभला असता," ते म्हणाले, आणि तळ्याकाठी अस्वलाशेजारी जाऊन बसले.