विषय बदलण्याचे कारण

एका जुलै महिन्यात शेषूनं कॉलेजात चार वेळा विषय बदलले. विषय बदलण्याच्या अर्जावर 'कारण' असा एक रकाना असे. बाकीची पोरं तिथं 'प्रकृती ठीक नसल्यामुळे' लिहून मोकळी व्हायची. शेषू खरं लिहायचा. पहिल्या अर्जावर त्यानं लिहिलं, 'गोदाकाकूची म्हैस आटली.' म्हणून त्याला प्राणिशास्त्र पाहिजे होतं.

शेषू माझा चुलतभाऊ. किन्हीराजाहून आम्ही दोघं एकाच दिवशी, एकेक वळकटी घेऊन अमरावतीला शिकायला गेलो. मी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मराठी घेतलं आणि मान खाली घालून बी.ए. झालो, तेही दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यात याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी कुठेही, न विचारता सांगतो. शेषूचा मुक्काम मात्र इंटरलाच.

त्याची पद्धत अशी. सुट्टीत गावी गेला की लोक त्याला काहीबाही विचारत. तो ते नावासकट एका वहीत टिपून घेई आणि पुढच्या वर्षी तसे विषय निवडी. "मागणीपरमानं शिकाव," म्हणायचा. एकदा त्यानं वनस्पतिशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र मागितलं. कारकून म्हणाले, "सायन्स आणि आर्ट्स एकत्र मिळत नाही."

"काहून साहेब? कपाशीले अळी लागते हे वनस्पतिशास्त्र, अन् मंग भाव पडते हे अर्थशास्त्र. आमच्या वावरात दोन्ही एकाच झाडाले लागते."

"तुमचं वावर विद्यापीठाला जोडलेलं नाही," कारकून म्हणाले.

मग शेषूनं एका वर्गात नाव लावलं आणि दुसऱ्या वर्गाच्या खिडकीखाली बसू लागला.

हसायला ठीक आहे. पण मी बी.ए. होऊन गावी आलो, बानं घरोघर गूळ वाटला, आणि लोक गूळ चघळत मला म्हणाले, "वा, लई झाक. शेषू कवा येऊन राह्यला?" खोटं कशाला बोलू, तो गूळ मला कडू लागला. चार दिवसांनी शेषू तिसऱ्यांदा नापास होऊन मोटारीतून उतरला, तर फाट्यावर त्याला घ्यायला सात माणसं. त्यात माझा बा.

मी जळत होतो. याचं ज्ञान किती खोल आहे ते चारचौघांत दाखवावं म्हणून, तो विहिरीवर आंघोळीला गेलेला असताना मी त्याची वही उघडली. चुका सापडल्याही. आटलेल्या म्हशीपुढे त्यानं बेडकाच्या पोटाची आकृती काढली होती. मी खूश होऊन पानं उलटत गेलो. एका पानावर बाचं नाव होतं. खाली प्रश्न: 'पोरगा लई शिकला. आता त्याच्यासंगं काय बोलाव?' विषय: मानसशास्त्र. उत्तराची जागा कोरी.

शेषू ओल्या अंगानं दारात उभा होता. रागावला नाही.

"वर्षभर बसलो त्या वर्गात," तो म्हणाला. "कुठंच भेटलं नाही. तुलेच इचाराव म्हटलं. पन तू बी.ए. झाला, मंग मलेही समजेना, तुह्यासंगं काय बोलाव."

संध्याकाळी बा ओट्यावर अंबाडीची दोरी वळत बसला होता. मी दुसरं टोक धरलं आणि विचारलं, "बा, यंदा कपाशी किती एकर लावू?"

बानं आधी शेषूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुले काय वाटते?" म्हणाला. दोरी वळून संपली तरी आम्ही बोलतच होतो. शेषू तेवढ्यात केव्हा उठून गेला, कळलं नाही.

कॉलेज उघडायच्या आधी त्यानं नवा अर्ज माझ्या हाती ठेवला. "तू बी.ए. हायेस, जरा पाहून दे."

मानसशास्त्र सोडून भूगोल मागितला होता. कारण: 'काकांचे काम झाले.'

मी एक अक्षर बदललं नाही.